हुरडा विकायचा नसतो

थंडी पडली की अण्णा माणसांत येत. एरवी माझे वडील कमी बोलणारे, पहिली हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं करणारे. पण ज्वारी हुरड्यात आली की त्यांच्यात कोण निराळाच माणूस शिरायचा, देव जाणे. आमची चार एकर काळी जमीन मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागून होती, अजूनही आहे. त्या रस्त्याने जाणारा कुणीही, ओळखीचा असो वा नसो, त्या दिवसांत अण्णांच्या हाकेतून सुटत नसे. सायकलवरचा पोस्टमन, मेंढरं घेऊन निघालेला मेंढपाळ, तालुक्याला मुलगी बघायला निघालेले पाहुणे, सगळ्यांना एकच हाक, "या की, हुरडा खाऊन जावा." एकदा आमच्या बांधाशी एस.टी. बंद पडली, तर अण्णांनी ड्रायव्हर-कंडक्टरसकट अख्खी गाडी शेतात उतरवून घेतली. गाडी दुरुस्त झाल्यावर कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली तरी लोक उठेनात. शेवटी त्यानेच येऊन अजून एक मूठ खाल्ली आणि मग सगळ्यांना हाकललं.

हुरडा ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ज्वारीचा दाणा कोवळा, हिरवा, दाबला तर दूध येईल आणि येणारही नाही अशा बेताचा असतो, तेव्हा कणसं खुडायची. जमिनीत हातभर खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या. ही आगटी. धूर सरून नुसता लाल आर राहिला की कणसं त्यात खुपसायची, फिरवायची, तडतड आवाज येऊ लागला की काढून झटकायची आणि गरम आहेत तोवर तळहातांवर चोळायची. कोंडा फुंकरीने उडतो, दाणे हातात राहतात, आणि ते तसेच वाफाळते समोरच्याच्या ओंजळीत द्यायचे. सोबत आईची शेंगदाण्याची चटणी, गूळ, घट्ट दही. आई चटणी पाट्यावर वाटायची. तेलाचा थेंब न घालता तिला तेल सुटायचं आणि त्या पाट्याचा खर्रखर्र आवाज ओढ्यापर्यंत जायचा. त्यावरून कितीजण जेवायला आहेत हे मला शाळेतून येताना लांबूनच कळायचं. चोळायचं काम मात्र फक्त अण्णांचं. त्यांचे तळहात इतके राठ झाले होते की निखारासुद्धा क्षणभर धरत. मला पोळतं म्हणून ते मला चोळू देत नसत.

आणि एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत होते. अण्णा स्वतः कुणाच्या हातून हुरडा घेत नसत. आईने चार दाणे पुढे केले तरी "ठेव तितं" म्हणत आणि मग पोत्यावर सांडलेले दाणे वेचून खात. मला वाटायचं, खोड आहे.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मी अकरावीत होते आणि ते आमचं शेतातलं शेवटचं वर्ष ठरेल असंच सगळ्यांना वाटत होतं. चार एकर कोरडवाहू, त्यात एकच पीक, तेही परतीच्या पावसाने ओल दिली तर. शेजारच्यांकडे पाणी आलं तसा त्यांनी ऊस लावला. आमच्या विहिरीला दिवाळीनंतर कळशी बुडत नव्हती. ज्वारी आमची नावाजलेली, पण ती बाजारात नेली की दुसऱ्या कुठल्याही ज्वारीच्या ढिगात ओतली जायची आणि भाव ढिगाचा मिळायचा. त्यामुळे माझे काका, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, यांनी अण्णांसाठी सोलापुरात एका कारखान्यावर रखवालदाराची नोकरी बघून ठेवली होती. तात्या सरकारी कचेरीत कारकून, भवानी पेठेत दोन खोल्यांत राहत. माणूस भला. त्यांच्या मनात एवढंच होतं की भावाने उतारवयात उपाशी राहू नये आणि पुतणीने चांगल्या कॉलेजात शिकावं. संक्रांत झाली की अण्णांनी कामावर हजर व्हायचं, जमीन वाट्याने द्यायची, असं जवळजवळ ठरलंच होतं. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. भवानी पेठेत रात्रंदिवस मागांची खटखट, खाली उतरलं की दुकानं, नळाला पाणी. मी मनातल्या मनात माझी पेटी भरून ठेवली होती.

आई मात्र गप्प होती. माझी आई गप्प असली की समजावं, तिचा काहीतरी बेत चालला आहे. तिचं सगळं शहाणपण कोनाड्यातल्या मडक्यात होतं. राखेत घोळलेलं बियाणं ती त्यात जपायची. सगळ्या शेतात मालदांडी ज्वारी, पण रस्त्याकडेच्या दहा-बारा ओळी गुळभेंडीच्या. गुळभेंडीचा दाणा हुरड्याला गोड आणि चटकन सुटणारा. त्या वर्षी पेरणीच्या वेळी ओढ्याकडच्या सखल पट्टीत पाणी साचलं. बाकीचं शेत पेरून झालं तरी तिथं वापसा येईना, पाय घोट्यापर्यंत रुतायचा. तीन आठवड्यांनी ती पट्टी पेरायला आली तेव्हा मालदांडीचं बी संपलेलं. लोक म्हणाले, आता पेरून काय उपयोग, वैरण होईल फार तर. आईने मडकं उपडं केलं आणि उरलीसुरली गुळभेंडी अण्णांच्या हाती दिली. पेरली आणि आम्ही सगळे ती पट्टी विसरलो.

मार्गशीर्षात तात्या एका रविवारी आले, हुरडा खाल्ला आणि बोटं चाटत म्हणाले की आमच्या कचेरीतली माणसं असल्या हुरड्यासाठी तडफडतात, पुढच्या आठवड्यात तीसेक जणांना घेऊन येतो, माणशी ठरावीक पैसे देतील. त्यांना वाटलं अण्णा खूश होतील. अण्णांनी हातातलं कणीस आगटीत टाकलं आणि म्हणाले, हुरडा विकायचा नसतो. तात्या हसले. त्यांनी समजावलं की दूध विकतो, ज्वारी विकतो, मग कोवळी ज्वारी विकली तर काय बिघडलं. आई म्हणाली, बरोबर बोलतायत भावजी. त्यावर अण्णांनी आर उकरला. मग जे बोलले ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"तू तवा पाळण्यात हुतास," ते तात्यांना म्हणाले. "म्या सात-आठ वर्साचा. बा मला घिऊन लोकाच्या बांधावर हुबा ऱ्हायचा. आत यायचं न्हाय. मालक वरनं हुरडा टाकायचा, बा धोतराचा सोगा धरायचा. ऊन ऊन दानं सोग्यातनं माज्या वंजळीत. लई ग्वाड लागायचा, ते बी सांगतो. पन मालकानं कवा हातात दिला न्हाय."

आमचा बौद्धवाडा गावाच्या एका अंगाला आहे आणि जुन्या गोष्टी आमच्या घरात क्वचित निघत. आजोबांनी सोलापूरच्या गिरणीत राबून ही चार एकरं घेतली एवढं मला माहीत होतं. पहिलं पीक हुरड्यात आलं तेव्हा आजोबा रस्त्यावर उभे राहून दिसेल त्याला हाका मारत होते, हे अण्णांनी त्या दिवशी सांगितलं. पहिल्या वर्षी तिघंच आले. पुढच्या वर्षी पंधरा. "आता माज्या शेतात कुनीबी आत येतो, मांडी घालून बसतो, आन् माज्या हातनं हातात घेतो. त्याचं पैसं कसं घिऊ म्या?"

आई म्हणाली की पैशाचं नंतर बघू, माणसं तरी येऊ द्या. आणि तिने हळूच अट घातली. त्या दिवसाचं जमलं, माणसं समाधानाने गेली, तर नोकरीचा विषय एक वर्ष पुढे ढकलायचा. नाही जमलं तर संक्रांतीनंतर तीच गाठोडं बांधेल. तात्यांनी मान डोलावली, अण्णांनीही. आठवडाभर आई गोवऱ्या, दही, गूळ गोळा करत होती आणि रस्त्याकडची गुळभेंडी राखत होती. मला गोफण देऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसवलं. पाखरांवर माझा नेम कधी बसला नाही, पण ओरडायला मी पटाईत होते. अण्णांना आईने बजावलं होतं, आठ दिवस कुणाला हाक मारू नका.

शनिवारी आई आणि मी बाजारला गेलो. परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. बांधाशी ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल ठसे, आगटीचा आर अजून लाल, चोहीकडे कोंडा, आणि गुळभेंडीच्या ओळींत नुसती ताटं उभी, कणसांवाचून. अण्णा खाली मान घालून बसले होते. साखर कारखान्याकडे निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या दोन ट्रॉल्या आमच्या बांधाशी थांबल्या होत्या, एका ट्रॅक्टरच्या चाकातली हवा गेली म्हणून. संसाराच्या बोचक्यांवर बायका, लेकरं. लेकरं शेताकडे बघत होती. "हाक मारली न्हाय म्या," अण्णा म्हणाले. "नुस्तं बगितलं. त्यातली एक पोरगी बांधावर यिऊन हुबी ऱ्हायली. आत यीना." पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. सत्तर-ऐंशी माणसं जेवून गेली होती. बाकीच्या शेतातल्या मालदांडीचा दाणा एव्हाना कडक झाला होता, चोळला तर दातात टचकन वाजेल असा.

मला राग आला होता की आनंद झाला होता हे मी आजही ठरवू शकत नाही. सोलापूरचा रस्ता मोकळा झाला होता. पण आई बांधावर बसली, बाजारची पिशवी तशीच मांडीवर. तिला तसं बसलेलं पाहून मला भवानी पेठेतली दुकानं आठवेनाशी झाली. मग ती एकदम म्हणाली, "वड्याकडच्या पट्टीला मी काय दिलं हुतं पेरायला?"

पहाटे तांबडं फुटताच आम्ही तिघं ओढ्याकडे गेलो. दव इतकं की परकर गुडघ्यापर्यंत चिंब. ती पट्टी उरलेल्या शेतापेक्षा बुटकी, पण भरलेली. अण्णांनी एक कणीस वाकवलं, नखाने दाणा दाबला, माझ्याकडे बघितलं. दूध आलं आणि आलंही नाही. तीन आठवडे उशिरा पेरलेली गुळभेंडी त्याच सकाळी हुरड्यात आली होती असं म्हणायला मला आवडतं. खरं तर ती दोन दिवस आधीच आली असावी, आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. अण्णा मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

दहाच्या सुमारास टेम्पो आला. तीस माणसं, रंगीत स्वेटर, कानटोप्या, एका बाईंच्या एका हातात सतरंजी आणि दुसऱ्या हातात पोटदुखीच्या गोळ्या. त्यांना बसायला आम्ही पोती अंथरली होती. पाणी पिताना एका गृहस्थांनी तात्यांना अण्णांचं गावातलं घर कुठल्या बाजूला, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. तात्यांनी सरळ सांगितलं. जरा वेळाने त्या गृहस्थांना ॲसिडिटी असल्याचं आठवलं आणि ते लांब बोरीखाली जाऊन बसले. अण्णांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. अण्णांनी परातीत बोरं, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या मला त्यांच्यापुढे ठेवायला सांगितला आणि ते आगटीपाशी बसले.

पहिलं कणीस त्यांनी चोळलं, फुंकर मारली आणि मूठ पुढे केली. क्षणभर ती मूठ हवेत राहिली. मग गोळ्यांवाल्या बाईंनी ओंजळ धरली. त्यांनी दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि दुसऱ्यांदा ओंजळ धरली. त्यानंतर कुणाला दम निघेना. एकाच्या मागे एक हात येत होते. गोरे, सावळे, अंगठ्या घातलेले, मेंदी लावलेले. अण्णा प्रत्येकाच्या हातावर हात टेकवून दाणे सोडत, गरम असलं तर वरून फुंकर घालत. आईच्या भाकरी चुलीवर थपथप पडत होत्या, मी चटणी वाढत होते, तात्या उगाच सगळ्यांना दही घ्या, दही घ्या करत होते. तासाभराने बोरीखालचे गृहस्थ उठून आले. ॲसिडिटीचं त्यांनीही काढलं नाही, आम्हीही नाही. अण्णांनी त्यांच्या हातावर जरा जास्तच दाणे ठेवले.

टेम्पो सुटल्यावर तात्यांनी खिशातून पाहुण्यांच्या पैशांचं पाकीट काढलं आणि अण्णांपुढे धरलं. अण्णांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. दोघं भाऊ तसेच उभे. आई चुलीपाशी होती. ती पीठ लागल्या हातांनी आली, पदराला हात पुसले आणि पाकीट घेतलं.

"हुरडा तुमचा," ती अण्णांना म्हणाली. "त्याचं तुमी घिऊ नगा. भाकरी माजी हाय, चटणी माजी हाय. त्याचं मी घेते."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, मग कारखान्याच्या लोकांना काय सांगू, वर्षभराने येतो म्हणून सांगू का. अण्णा आगटीवर माती ओढत होते. ते म्हणाले, "नगंच. तितं फाटकापाशी हुबं ऱ्हाऊन येनाऱ्या-जानाऱ्याला सलाम ठोकायचा. हितं मी मानसाला आत बलीवतो."

ओढ्याकडच्या पट्टीने आम्हाला जे शिकवलं ते आजतागायत चालू आहे. पुढच्या वर्षापासून गुळभेंडी एकदम न पेरता चार पट्ट्यांत पेरली, दर पट्टी आठवडाभर पुढे-मागे. त्यासाठी तांब्या-तांब्याने ओल द्यावी लागली तरी दिली. त्यामुळे पाहुण्यांना एकाऐवजी चार रविवार मिळाले. मी मंगळवेढ्यालाच बी.ए. केलं, लग्न तालुक्यातच झालं, आणि आज पन्नाशीला आले तरी ही चार एकरं मीच बघते. सगळं छान झालं असं समजू नका. ज्वारी उपटायला माणसं मिळत नाहीत, हाताला फोड आणणारं काम आता कोण करणार. शेजारच्या उसातून रानडुकरं येतात आणि एका रात्रीत पट्टी लोळवून जातात. गेल्याच्या गेल्या वर्षी ऐन हुरड्यात पाऊस आला आणि कणसं काळी पडली. त्या हंगामात आलेल्यांना आईच्या पद्धतीची भाकरी आणि माझी माफी एवढंच मिळालं. पण आमची मालदांडी आता ढिगात ओतली जात नाही. तिचं पीठ पिशव्यांत भरून आमच्या शेताच्या नावाने पुण्यापर्यंत जातं, आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतं, यंदा ओल कशी आहे. बांधावर मी फलक लावला आहे. त्यावर जेवणाचा दर आहे, पिठाचा आहे, हुरड्यापुढची जागा कोरी आहे. शहरातली हुशार माणसं म्हणतात, ताई, इथं आकडा लिहायचा राहिलाय.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तिचं मडकं कोनाड्यात आहे, मी त्यात अजून राखेतच बी ठेवते. अण्णांचं वय आता कुणी मोजत नाही. त्यांना आगटीपाशी खुर्चीत आणून बसवतो. रस्त्यावरच्या माणसाला हाक मात्र तेच मारतात, आणि पहिली मूठ त्यालाच द्यायची हा नियमही त्यांचाच. गाड्या आता इतक्या वेगाने जातात की बहुतेकांना ऐकू जात नाही. तरी एखादा थांबतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे हात थरथरायला लागले. एका संध्याकाळी पाहुणे निघून गेले होते, आर विझत आला होता. त्यांनी एक कणीस चोळायला घेतलं, ते निसटून राखेत पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. मी ते उचललं, झटकलं, चोळलं. माझे तळहातही आता काही मऊ राहिलेले नाहीत, पोळलं नाही. फुंकर मारली आणि दाणे सवयीने त्यांच्या शेजारच्या पोत्यावर ठेवायला वाकले. "ठेव तितं" ऐकू येईल म्हणून थांबले. काही ऐकू आलं नाही. वर पाहिलं तर अण्णांनी दोन्ही हात जुळवून ओंजळ माझ्यापुढे धरली होती.